मयत कुणाचं ते मागून ठरलं

मला गप्प बसता येत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नात भटजीऐवजी भंतेजी होते म्हणून बरं, नाहीतर मी त्यांनाही मधेच दुरुस्त केलं असतं, असं माझा नवरा अजून सांगतो. (भंतेजींना मी एकदाच टोकलं होतं, तेही हळू आवाजात.) अशा बाईला एका संस्थेनं गप्प बसण्याच्या कामावर नेमलं, याचं मला आजही हसू येतं.

परभणी जिल्ह्यातल्या काही गावांत मनाच्या आरोग्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. गावातून एक बाई निवडायची, तिला ‘मनमैत्रीण’ म्हणायचं आणि तिनं दुःखी माणसांजवळ बसून त्यांचं ऐकून घ्यायचं, असं त्याचं स्वरूप. जिंतूर रोडवरच्या आमच्या गावातून माझी निवड झाली, कारण मी बारावी झालेली होते आणि अंगणवाडीच्या बाईंनी आधीच हात वर केले होते. परभणीला सहा दिवसांचं प्रशिक्षण झालं. समोरचा गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं, शांततेला घाबरायचं नाही, आणि सल्ला तर मुळीच द्यायचा नाही, हे तिथं रोज सकाळी फळ्यावर लिहिलेलं असायचं. सरावाला माझी जोडी पूर्णेच्या एका बाईशी लावली. तिनं खोटंखोटं सांगितलं की माझा नवरा माझ्याशी बोलत नाही. मी अर्धा मिनिट कळ काढली आणि म्हटलं, “आठ दिवस भाजीत मीठ घालू नको, आपोआप तोंड उघडतो.” वर्गातल्या सगळ्या बायकांनी ते वहीत उतरवून घेतलं. शिकवणाऱ्यांनी माझ्या नावापुढं छोटीशी फुली मारली.

आमच्या गावावर नेमलेले साहेब पुण्याकडचे. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, पण मी त्यांना साहेब म्हणायचे आणि ते मला ताई. माणूस सरळ. उन्हातान्हात पांढरा झब्बा घालून फिरायचे, भेटेल त्याला मान लववून नमस्कार करायचे आणि कुणी काहीही बोललं तरी वहीत लिहून घ्यायचे. कार्यक्रमाचे त्यांनी तीन भाग सांगितले होते: मन, संवाद आणि समता. तिन्ही भागांची आमच्या गावानं जी काही वाट लावली, ती त्यांनी न चिडता बघितली. मी असते तर चौथ्या दिवशी परभणीची गाडी धरली असती.

संवादाचं असं झालं. गावात तीन वस्त्या आहेत, मारुतीच्या पाराकडची, मोहल्ला आणि आमची बौद्धवस्ती. तिन्हींतल्या माणसांनी एका सतरंजीवर बसून सुखदुःखाचं बोलायचं होतं. सतरंजी संस्थेची असल्यामुळं तिच्यावरून वाद नव्हता. वाद जागेवरून होता. विहारात बैठक ठेवली तर पाराकडचे म्हणायचे, “आमाला तिकडं कामून बोलावता?” पारावर ठेवली तर आमचे म्हणायचे, “तिथं आमी कवा बसलाव?” शाळेचे मुख्याध्यापक लेखी परवानगी मागायचे. शेवटी एसटीच्या शेडमध्ये घ्यायचं ठरलं, कारण शेड कुणाचीच नव्हती. पहिल्याच बैठकीला सव्वीस माणसं बघून साहेब हरखून गेले. “दुसऱ्या समाजातलं तुम्हाला काय आवडतं?” असा प्रश्न त्यांनी टाकला. एक बाबा खरंच विचारात पडले. तेवढ्यात जिंतूरची गाडी आली आणि सव्वीसांतली बावीस माणसं पिशव्या उचलून तिच्यात चढली. बाबाही चढले आणि खिडकीतून ओरडले, “साहेब, उद्या सांगतो!” पुढच्या तीन बैठकाही अशाच गाडीबरोबर निघून गेल्या. हजेरीपटावर सह्या मात्र व्यवस्थित होत्या, कारण सही केली की गाडीत जागा मिळते असं कुणीतरी उठवून दिलं होतं.

समतेसाठी एक मोठं चित्र होतं. कुंपणापलीकडं क्रिकेटचा सामना चाललाय आणि अलीकडं तीन माणसं खोक्यांवर उभी राहून बघतायत. उंच्याला खोकं नाही, मधल्याला एक, बुटक्याला दोन. ज्याला जेवढी गरज तेवढी आरोग्यसेवा, असं साहेबांनी छान समजावलं. आमच्या हातपंपाजवळच्या गल्लीत एक म्हातारी आहे, सत्तरी ओलांडलेली, कुठंही मयत झालं की रडायला पहिली पोचणारी. तिनं डोळे बारीक करून चित्र बघितलं आणि विचारलं, “कंपौंडाला दार न्हाई का?” साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मला त्यांचं हे आवडायचं.

राहिलं मन. त्याचे नऊ प्रश्न होते आणि ते मी घरोघर जाऊन विचारायचे. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं? झोप लागत नाही असं किती दिवस झालं? भूक मेल्यासारखी किती दिवस वाटली? लोक मला उलट विचारायचे, “शेजाऱ्यानं काय लिवलं?” शेजाऱ्यानं चार दिवस लिहिलं असेल तर हे पाच सांगायचे. एकीनं सांगितलं, बाजाराच्या दिवशी उदास वाटत नाही, बाकीचं तुझं तू लिही. असले कागद मी गठ्ठ्यानं भरले आणि त्यातल्या एका कागदाची मला अजून लाज वाटते.

तो कागद सूनबाईचा होता. आमच्या वस्तीची शेवटची भिंत आणि त्यांच्या गल्लीची पहिली भिंत यांच्यामध्ये फक्त हातपंप आहे. तिथून मोहल्ल्याचा बोळही फुटतो. पंपासमोरच तिचं घर. सासू, नवरा आणि ती, एवढीच माणसं. सगळी गल्ली तिला सूनबाईच म्हणायची. पंपावर कळशी भरता भरता ती इतकी मोठ्यानं हसायची की मोहल्ल्यातली खाला बोळातून ओरडायची, “क्या हुआ गे, हमको बी बोल!” दसऱ्यानंतर ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला खाली कर्नाटकात गेली. जाताना सहावा महिना होता. चैत्रात परत आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि हातही.

सगळ्या गल्लीनं ते बघितलं आणि कुणी काही विचारलं नाही. तिच्या सासूनं एकदाच सांगितलं, की उसाच्या फडातच, कोपीत, पाचटाच्या झोपडीत बाळंत झाली, हिला रक्त जाऊन शुद्ध नव्हती, लेकरू अर्धा दिवस राहिलं. लेकराचं नाव ठेवलं नव्हतं, गावात कुणी त्याला बघितलं नव्हतं, आणि झाल्याला तीन महिने होऊन गेले होते. अशाला दुखवट्याला बसायला जायची रीत नाही. मग आम्ही पंपावर तिच्याशी उन्हाबद्दल बोलायचो, आणि ती मान हलवायची. हळूहळू तिनं बोलणंच टाकलं. मग जेवण. सासू ताट वाढायची आणि ते झाकलेलं ताट तसंच उचलून शेळीला घालायची. हिला बाहेरचं लागलंय, असं बायका म्हणू लागल्या. सासू आपली घाबरून गेली होती. पोरगी वाळून काटकी झाली होती, आणि अशीच न जेवता ती आमच्या डोळ्यांदेखत जाणार, हे मला दिसत होतं.

मी नऊ प्रश्न घेऊन गेले तेव्हा तिनं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, “बरं हाय.” आणि मी, सगळं माहीत असून, नऊ वेळा शून्य लिहिलं. कारण कागदावर माणूस सांगेल तेच लिहायचं असं शिकवलं होतं. घरी येऊन मी दिवसभर चिडचिड केली, नवऱ्यावर ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की तो कागद खोटा आहे, तिच्या घरी चला.

वैशाखातली सकाळ, नऊचा सुमार. बैठक नीट व्हावी म्हणून मी झाडून तयारी केली. खोली लहान, म्हणून बाज बाहेर काढून भिंतीला उभी करून ठेवली. आत संस्थेची सतरंजी अंथरली. साहेबांच्या डोळ्यांत धूर जाईल म्हणून सासूनं चूल विझवली. मी संस्थेनं दिलेली पांढरी, निळ्या काठाची साडी नेसले होते आणि साहेब तर कायमच पांढऱ्यात. दार अर्धं लोटून घेतलं. सासू म्हणाली, “साहेबाच्या च्याला साखर आनते,” आणि दुकानाकडं गेली. नवरा पहाटेच रानात धसकटं वेचायला गेला होता.

आता हे सगळं लिहिताना माझं मलाच कळतं. बाज बाहेर उभी, चूल थंड, पांढऱ्या कपड्यांतली माणसं खाली मान घालून जमिनीवर बसलेली आणि कुणी बोलत नाही. आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरही हे बघून सांगेल की या घरात काय झालंय. जन्म या गावात गेला, पण प्रशिक्षणानं मी इतकी भारावले होते की माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

सूनबाई भिंतीला टेकून बसली. साहेब म्हणाले, “तुम्हाला वाटलं तर बोला, नाही वाटलं तर आपण नुसतं बसू.” तिला नाही वाटलं. मग आम्ही नुसतं बसलो. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली. माझ्या आयुष्यातली तेवढी मोठी शांतता तीच. मी जीभ दाताखाली धरून ठेवली होती, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळंच.

नेमकी तेव्हाच ती म्हातारी शेळी घेऊन दारावरून चालली होती. तिनं बाज बघितली. अर्ध्या दारातून आत बघितलं. माझे पाणावलेले डोळे बघितले. शेळी बाजेच्या पायाला बांधली, पदर तोंडावर घेतला, उंबऱ्यात बसकण मारली आणि तिनं हंबरडा फोडला, “अरं देवा, असा कसा रं डाव केलास! भरल्या घरातून उचलून नेलंस!”

कोण गेलं हे तिला ठाऊक नव्हतं, पण त्यानं तिचं अडत नव्हतं. चाळीस वर्षांचा सराव होता. म्हाताऱ्याला, तरण्याला, कुणालाही लागू पडेल असं ती रडत होती. मी उठायला गेले, की मावशी, अहो काही झालं नाही. साहेबांनी हळूच माझ्या हाताला हात लावून मला थांबवलं. “ताई,” ते कुजबुजले, “मोकळं होऊ द्या त्यांना. किती दिवसांचं साठलं असेल.”

मी बसले. नोकरी होती ना!

म्हातारीचा आवाज ऐकून पाराकडच्या बायका आल्या. आल्या तशा दाराबाहेर पदर घेऊन बसल्या आणि रडू लागल्या. एकमेकींना खाणाखुणांनी विचारत होत्या, कोण? आणि एकमेकींना खांदे उडवून दाखवत होत्या. मोठ्यानं विचारायची सोय नव्हती. मयताच्या दारात येऊन ‘कोण मेलं’ विचारणं म्हणजे त्या घराशी आपला काही संबंध नाही असं जाहीर करणं. आणि कोण ते न कळल्यामुळं प्रत्येक बाई आपापल्या घरचं आठवून रडत होती, त्यामुळं रडणं अगदी खरं होतं. साहेबांचेही डोळे भरून आले होते. सूनबाई जागची हलली नव्हती, फक्त दाराकडं बघत होती.

अर्ध्या तासात जेवण यायला लागलं. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारून पिठलं-भाकरी येते. तिला कडू घास म्हणतात. पाराकडून दोन घरची आली. बोळातून खाला डोक्यावर पदर घेऊन खिचडीचं पातेलं घेऊन आली, म्हणाली, “तीन दिन हमारे घर से आएगा, अल्ला सबर देवो.” आणि आमच्या वस्तीतून, मी बघतच राहिले, माझी स्वतःची जाऊ आली. पांढरी साडी, हातात मेणबत्त्यांचा पुडा आणि डब्यात वरणभात. माझ्याजवळ बसून माझ्या मांडीला चिमटा काढला. “घरची असून सांगितलं न्हाईस. लोकांकडून कळायलंय आमाला.”

“कळलं काय पण?” मी दातओठ खाऊन विचारलं.

“त्येच तर,” ती म्हणाली, “कोन गेलं?”

मी तिला काही सांगणार तोच गल्लीच्या एका टोकाकडून फटफटीचा आवाज आला. कुणीतरी रानात निरोप धाडला होता, घरी या, मयत झालंय. सूनबाईचा नवरा फटफटी पंपाला टेकवायचंही विसरला. ती आडवी पडली आणि हा ऊर बडवत धावत आला, “माय! माजे माय! सकाळी तर भाकर बांदून दिलीस गं!”

आणि त्याच वेळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून त्याची माय आली. हातात साखरेची पुडी. दुकानात गप्पा मारून निवांत येत होती. घरासमोर गर्दी, बाज बाहेर, रडणं. तिच्या मनात एकच आलं. पुडी तिथंच फुटली. “माजी सून गेली!” ती किंचाळली. “माजी गुनाची सून गेली! अगं मी तुला कवा गोड बोलले न्हाई गं! दोन घास खा म्हनून नुसती वरडत राहिले गं! तुज्या संगं मी बी यायला पायजे व्हतं त्या फडावर, मी न्हाई आले गं माय!”

आत भिंतीला टेकलेल्या सूनबाईनं हे सगळं ऐकलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा हलला, आणि ती उठून दाराशी आली.

मायलेक अंगणाच्या मधोमध समोरासमोर आले. त्यानं मायला बघितलं. मायनं त्याच्या खांद्यावरून दारात उभी राहिलेली सून बघितली. सगळं रडणं एकदम थांबलं. फक्त शेळी ओरडत होती.

“मंग,” म्हातारीनं पदर बाजूला केला, “मेलं कोन?”

मी उभी राहिले आणि एकदाचं बोलले. कुणी मेलं नाही, ही मनाच्या आरोग्याची बैठक आहे, साहेब सूनबाईशी बोलायला आलेत, बाज मी काढली, चूल साहेबांसाठी विझवली. बोलताना माझ्या लक्षात येत होतं की हे मयतापेक्षा विचित्र वाटतंय. बायका माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू मी मुद्दाम कुणालातरी जिवंत ठेवलंय.

“अगं पन भाकरी!” पाराकडची एक म्हणाली.

खरी अडचण ती होती. मयताच्या घरी नेलेली भाकरी माघारी नेत नाहीत. नेली तर तिच्या मागोमाग मयतही आपल्या घरी येतं, असं म्हणतात. खाला म्हणाली, “दी हुई चीज मैं तो वापस नै लेती.” मी माझ्या जावेकडं आशेनं बघितलं. वस्तीतल्या प्रत्येक सभेत अंधश्रद्धेवर ती तावातावानं बोलते. तिनं डब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “मी मानत न्हाई. पर नेत बी न्हाई.”

म्हणजे इथंच खायची. आणि इथं खायची तर या घरातलं कुणीतरी गेलेलं असायला हवं. मग त्या अंगणात जो शोध सुरू झाला, तसा संवाद साहेबांच्या सहा महिन्यांत झाला नव्हता. आतली सतरंजी बाहेर ओढून तिन्ही वस्त्यांच्या बायका तिच्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि या घरातलं मयत हुडकू लागल्या. गंगाखेडचा चुलता निघाला, पण तो दोन वर्षांमागं गेला होता आणि त्याचं रीतसर झालं होतं. दिवाळीत बैल गेला होता. “बैलाला पिठलं?” म्हातारीनं झिडकारलं. एकीनं सासूच्या मावशीचं नाव सुचवलं, लय थकलीय, आज ना उद्या जाणारच. “सकाळीच फोनवर भांडलीय माज्याशी,” सासू म्हणाली. माझ्या जावेनं साहेबांना विचारलं, तुमच्याकडं कुणी? साहेब गडबडून म्हणाले, मागच्या वर्षी आजोबा गेले. पंधरा बायका आशेनं त्यांच्याकडं वळल्या आणि कुणीतरी भाकरी त्यांच्यापुढं सरकवलीसुद्धा. पण त्यांचं घर पुण्याकडं, इथला घास त्यांना चालणार नाही, असं खालानं आणि म्हातारीनं मिळून ठरवलं. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

मी हसत होते आणि सूनबाईकडं बघायचं टाळत होते. कारण चुलता, बैल, मावशी, आजोबा असं सगळीकडं फिरून येत होतो आम्ही, आणि घरातली गेलेली कोण हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण तिचं नाव घ्यावं तर तिला नावच नव्हतं.

“माजी लेक गेली.”

आवाज इतका खरखरीत होता की कुणाचा ते आधी कळलंच नाही. सूनबाई दाराची चौकट धरून उभी होती.

“माजी लेक गेली,” ती पुन्हा म्हणाली. “उसाच्या फडात. कुनी आलं न्हाई बसायला.”

मला वाटलं आता कुणीतरी काहीतरी समजुतीचं बोलणार, पुन्हा होईल, देवाची इच्छा, असलं काही. मी पुढं होऊन त्या बाईचं तोंड धरणार होते. पण म्हातारी उठली. गुडघे धरत गेली, सूनबाईला हाताला धरून सतरंजीवर आणलं, मधोमध बसवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत रडायला लागली. मघाचं रडणं नव्हतं हे. आवाज बारीक होता आणि शब्द एकच होता, “माय, माय, माय.” सासू दुसऱ्या बाजूनं येऊन बिलगली. जावेनं एक मेणबत्ती लावली. खालानं डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि तळहात चेहऱ्यावरून फिरवले. मी रडत होते आणि या खेपेला जीभ दाताखाली नव्हती. साहेबांची वही बंद होती.

रडणं ओसरल्यावर म्हातारीनं भाकरी मोडली, पिठलं लावलं आणि घास सूनबाईच्या हातात ठेवला. मग बाळंतिणीला भेटायला गेलेली बाई विचारते तेच तिनं विचारलं, “कुनावर गेली व्हती गं?”

सूनबाई हातातल्या घासाकडं बघत राहिली. “मला ठाव न्हाई,” ती म्हणाली. “मी बगितलीच न्हाई तिला. शुद्धीवर आले तर न्हवती ती.”

माझ्या जावेनं पुड्यातली दुसरी मेणबत्ती काढली.

“तुज्यावर.”

नवरा बोलला होता. बाजेजवळ उभा होता, शेळीची गाठ सोडायचं निमित्त करून. आमच्याकडं पाठच होती त्याची.

“तुज्यावर गेली व्हती,” तो म्हणाला. “दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर केला ना, तू ट्रॉलीत पडली व्हतीस, ती माज्या मांडीवर व्हती. केस लय व्हते. काळेभोर. हनुवटीला तुज्यासारखीच खळी. माजं हे बोट धरलं व्हतं तिनं, दवाखाना येवस्तोवर सोडलं न्हाई.”

“कवा बोलला न्हाईस रं,” त्याची माय म्हणाली.

“कुनी इचारलंच न्हाई.”

सूनबाईनं हातातला घास तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, “आनखी सांगा.”

तो चपलांसकट सतरंजीवर आला आणि तिच्यासमोर सांगायला बसला.